गप्प झालेली मायनर

सरांनी गाडी गॅरेजच्या दारात लावली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरले. "ऐका मिस्त्री, येतोय का कुठून आवाज?" त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आवाज खरोखरच नव्हता. १९५४ ची मॉरिस मायनर, ८०३ सीसीचं इंजिन, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, झाकणाऱ्या कव्हराखालून बारीकशी टिकटिकसुद्धा नाही. माझ्या पोटात तिथंच कालवलं.

सर निवृत्त शिक्षक, गाडी त्यांच्या वडिलांची. सहा महिन्यांपूर्वी टॅपेट वाजतात म्हणून त्यांनी दुसरीकडे सेटिंग करून घेतलं होतं. तेव्हापासून गाडी शांत. माझ्याकडे आले ते वेगळ्याच तक्रारीसाठी. आदल्या आठवड्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना, साखरपा सोडून आंबा घाट लागला तशी गाडी ओढेनाशी झाली. कशीबशी वर आली. चहाला थांबले, तर गरम गाडी पुन्हा सुरू होईना. तासाभराने थंड झाल्यावर झाली. "कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, तेवढा साफ करून द्या," एवढंच त्यांचं मागणं.

मी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. चांगल्या इंजिनात कागद एकसारखा बाहेर फडफडत राहतो. इथं तो मध्येच आत ओढला जायचा, पाईपच्या कडेला चिकटायचा आणि पुन्हा उडायचा. सरांना दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

इंजिन बंद करून मी हँडल काढलं. या जुन्या गाड्यांना पुढून हँडल लागतं, ही मोठी सोय आहे. स्विच बंद ठेवून हळूहळू फिरवायचं. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा हाताला विरोध करतात. क्रम ठरलेला: एक, तीन, चार, दोन. पहिला चांगला घट्ट लागला. पुढच्या अर्ध्या फेरीला हात पोकळीत गेल्यासारखा झाला. मग परत घट्ट, परत घट्ट. म्हणजे तीन नंबर. हाताखालच्या पोराला सायलेन्सरपाशी कान द्यायला बसवलं आणि पुन्हा फिरवलं. "हितनं फुस्स येतंय!" तो ओरडला. हवा कार्बोरेटरमधून फुसफुसली असती तर पेट्रोल-हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह गळतोय म्हणालो असतो. इथं ती मागून येत होती, म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

तरी प्रेशरचा गेज लावून खात्री केली. एक, दोन आणि चार ११० ते ११५ पौंडांच्या आसपास, तीन नंबर ५०. त्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं. काटा जेमतेम हलला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं प्रेशर वर आलं असतं.

या गाडीचे टॅपेट थंड इंजिनावरच मोजायचे असतात, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. या इंजिनाची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातली फट, ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, म्हणून आम्ही बारा थाऊ म्हणतो. व्हॉल्व्ह आठ, हिशोब नऊचा, दोन नंबरांची बेरीज नऊ: आठ नंबर पूर्ण दबलेला असताना एक मोजायचा, सहा दबलेला असताना तीन, चार दबलेला असताना पाच. सकाळी पोरगा हँडल फिरवत होता, मी गॅप मोजायची फिलर पट्टी घालत होतो. बहुतेक ठिकाणी सहा-सात थाऊ निघाले. पाच नंबरला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, चार थाऊची पट्टीसुद्धा शिरेना. रॉकरला खालून ढकलणारा पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवून बघितला. गॅप असली की तो सहज फिरतो. हा जागचा हलला नाही.

सहा नंबरच्या रॉकरनं मग सगळी गोष्ट सांगितली. त्याचं तोंड, जिथं ते व्हॉल्व्हच्या टोकावर आपटतं, तिथं नखाला खळगा लागला. मसुरीच्या डाळीएवढा. पट्टी सरळ असते, ती खळग्याच्या दोन कडांवर टेकते. पट्टी बारा थाऊ दाखवते, पण खरी फट त्याहून जास्त असते आणि टॅपेट वाजत राहतो. आधीच्या मिस्त्रीनं बारावर लावून बघितलं असणार, आवाज राहिला असणार, मग त्यानं आवाज जाईपर्यंत सगळेच आवळले. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन येतं आणि आवाज गेला की खूष होऊन जातं. पण अशानं इंजिनाचा जीव जातो, याचा मला फार राग येतो.

सरांना मी तिथंच स्टुलावर बसवून समजावलं. ढिला टॅपेट वरून वाजतो, कोरडा, क्रँकच्या निम्म्या वेगानं, एका लयीत. (खालून जड ठोका आला आणि लोडवर वाढला, तर ते दुखणं वेगळं.) ढिल्या टॅपेटनं व्हॉल्व्ह कमी उचलतो, ताकद थोडी घटते, रॉकर झिजतो. पण तो ओरडून सांगतो, दुरुस्तीला वेळ देतो. घट्ट टॅपेट काहीच बोलत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आगीत असतो, आणि आपली उष्णता तो मुख्यतः सीटवर (इंजिनाच्या वरच्या भागातल्या, म्हणजे हेडमधल्या, त्याच्या बैठकीवर) टेकलेला असतानाच हेडला देतो. गॅप संपली की तो पुरता टेकत नाही, आणि कडेनं जळायला लागतो. त्यात या इंजिनात दोन आणि तीन नंबरचा धूर एकाच पोर्टातून जातो, त्यामुळे मधली जागा सर्वांत तापते.

दुसरं कारण पेट्रोलचं. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते हवेसाठी चांगलंच झालं. पण बिडाच्या हेडमध्ये सरळ कापलेल्या जुन्या सीटांवर शिशाचा पातळ थर बसायचा आणि तो त्यांना जपायचा. आता सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, त्याचं टोक रॉकरकडे सरकतं आणि गॅप आपोआप कमी होत जाते. म्हणजे अशी गाडी वापरता वापरता स्वतःच गप्प होते. म्हणून हेडचं काम न झालेल्या जुन्या गाडीचं कव्हर मी दर दोन हजार किलोमीटरला उघडतो, आवाज असो वा नसो.

हेड उतरवलं. पाच नंबरचा व्हॉल्व्ह हातात घेऊन सरांच्या तळहातावर ठेवला. कडेचा एक तुकडा उंदरानं भाकरी कुरतडावी तसा गेलेला, आजूबाजूला राखेसारखा पांढुरका रंग. त्यांनी कुरतडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "सहा महिने मी लोकांना सांगत होतो, बघा किती शांत चालते," एवढंच म्हणाले. मला काही बोलवेना.

हेड उद्यमनगरात लेथवर दिलं. चारही एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घेतल्या, नवे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, सहा नंबरला दुसरा रॉकर मिळवून लावला. पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा वरून बारीक, सारखी टिकटिक येत होती. सर माझ्याकडे बघायला लागले. "आवाज आला." "येऊ द्या," मी म्हणालो, "पाचशे किलोमीटर झाले की परत आणा. हेड पुन्हा आवळायचंय, त्यानं गॅप बदलते."

महिन्यानं आले. हेड आवळलं, आठही टॅपेट परत बारावर लावले. पोरगा कव्हराचं पॅकिंग पुसत होता, तेवढ्यात सरांनी हँडल मागितलं. वय सत्तरच्या पुढचं, म्हणून मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी शर्टाची बाही वर केली, स्विच बंद असल्याची खात्री केली आणि डोळे मिटून सावकाश फिरवायला लागले. "एक," ते म्हणाले. मग "तीन." तिथं थोडे थांबले, हाताला लागणारा विरोध तोलून बघितला. "चार. दोन." परत एकवर आले आणि पुन्हा तीनवर थांबले.