पुरानंतरची यादी चावडीवर वाचा

पाणी उतरलं की गावात पहिलं भांडण होतं ते यादीवरून. कुणाचं घर बाधित धरलं, कुणाचं वगळलं, मदतीचे किट कुणाच्या ओसरीवर उतरले आणि कुणाच्या दारावरून पुढे गेले. सांगली जिल्ह्याने 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथे इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट आहे. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो झळकले, लोक संतापले, आणि तो संताप रास्तच होता. पण फोटो चार दिवसांत फाटून जातो. यादीत चुकलेलं नाव वर्षानुवर्षं डोक्यात राहतं, आणि पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्याचं पॅनेल होतं.

यादी चुकते ती बहुतेक वेळा कुणाच्या खोडीमुळे चुकत नाही. ती रेशनकार्डावरून किंवा घरपट्टीच्या रजिस्टरवरून केलेली असते. एका कार्डावर तीन भाऊ असतात, चुली तीन असतात, आणि किट एकच येते. भाडेकरूचं कार्ड त्याच्या मूळ गावातलं असतं, म्हणून सगळा संसार चिखलात गेला तरी त्याचं नाव कुठेच नसतं. एकटी राहणारी म्हातारी अजून मुलाच्या कार्डावर असते आणि मुलगा पुण्यात. म्हणून यादी करायची ती चुलीवरून. गल्लीतल्या एका टोकापासून सुरू करायचं, प्रत्येक दारात थांबायचं आणि लिहायचं: चूल कुणाची, माणसं किती, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे का, पाणी कुठवर चढलं, किती दिवस थांबलं. भिंतीवर पाण्याची रेघ असते, तिचा मोबाईलवर फोटो घ्यायचा, फोटोत माणूस किंवा दार आलं पाहिजे म्हणजे उंची कळते. घर धुऊन काढल्यावर हा पुरावा जातो, त्यामुळे फोटो आधी, पाइप नंतर.

हे काम करायला एका वस्तीत तीन माणसं पुरतात, पण ती एका गटाची नकोत. दोन्ही गटांचे एकेक आणि तिसरी आशाताई किंवा अंगणवाडीताई. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोण सांगायला लाजतं, हे ताईंना माहीत असतं. पक्षाच्या कार्यकर्त्याला लांब ठेवा असं बरेच जण म्हणतात; मला ते पटत नाही. बूथवर काम केलेल्या पोराला घरन् घर पाठ असतं. त्याला विरोधी गटाच्या माणसासोबत एकाच वहीवर सही करायला लावा, मग ती माहिती कामी येते.

मग चावडीवाचन. संध्याकाळी, लोक आवराआवर करून मोकळे झाल्यावर, देवळासमोर किंवा शाळेत मोठ्याने नावं वाचायची. हरकत असेल ती तिथेच वहीत लिहायची, हरकत घेणाऱ्याची सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी त्या घरी जाऊन बघून यायचं. यादीची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची. एवढं केलं की वाटपाच्या वेळी होणारी निम्मी हमरीतुमरी थांबते, कारण संशय असतो तो न दिसणाऱ्या यादीबद्दल. वाटप मात्र चौकात रांग लावून करू नये. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला दिलं, त्याला रांगेत उभं करून फोटो काढणं फार जिव्हारी लागतं. अंधार पडायच्या आत घरपोच द्या, वहीत सही घ्या, फोटो फक्त गाडीचा आणि मालाचा.

किटमध्ये काय असावं यावरही बोलायला हवं. 7 ऑगस्ट 2019 च्या सरकारी निर्णयात दोन दिवसांहून जास्त पाण्यात असलेल्या कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ होते. त्या दोन दिवसांच्या अटीवर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, पण गव्हाचा प्रश्न मागेच राहिला. गावात वीज नसते, गिरणीची मोटार पाण्यात गेलेली असते. गहू दळायचा कुठे? पाच माणसांच्या घराला पंधरवड्यासाठी तयार पीठ 10 किलो, तांदूळ 5, तूरडाळ 2, तेल 2 लिटर, साखर 2, चहापूड पाव किलो, मीठ, कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, काडेपेटी, मेणबत्त्या, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड. सगळं एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत भरून द्या. बादली स्वतःच कामाची असते आणि उंदीर-चिखलापासून माल वाचतो. जुने कपडे पाठवू नका. ते रस्त्याकडेला ढिगाने पडतात, भिजतात आणि शेवटी ग्रामपंचायतीलाच उचलावे लागतात.

बाहेरून येणाऱ्या गाड्या डांबरी रस्त्यावरच्या पहिल्या गावात थांबतात. तिथे तीन-तीन किट होतात आणि आत नदीकाठच्या मळीकडच्या वस्तीला एकही नाही. पाठवणाऱ्याने निघायच्या आधी तहसील कार्यालयात फोन करून गावाचं नाव घ्यावं, आणि पहिली लाट ओसरल्यावर, म्हणजे दहाव्या-बाराव्या दिवशी जावं. तेव्हा खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, ताडपत्री, जनावरांना वैरण आणि वायरमन लागतात. बोर्ड सुकल्याची खात्री वायरमनने केल्याशिवाय मेन स्विच कुणी चढवू नये. गाळाचं एक ध्यानात ठेवा: पाणी उतरत असतानाच त्याच पाण्याने फरशी धुवायला घ्यायची. गाळ एकदा वाळला की फावड्यालाही दाद देत नाही.

पंचनाम्याकडे आता. पिकाचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात आणि नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये धरले होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो हवाच. बिल्ला काढून जपून ठेवा. पैसे अडतात ते पुढे: जमिनीच्या सामाईक खात्यात बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र नसतं, आधार बँकेला जोडलेलं नसतं, किंवा यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक येऊनही सेवा केंद्रात जाऊन ओळख पटवायला अंगठा द्यायचा राहतो. लोकांना वाटतं आपलं नाव कुणीतरी कापलं. तलाठ्याच्या यादीत क्रमांक शोधून अशा माणसाला केंद्रापर्यंत नेणं, हे भाषणापेक्षा मोठं काम आहे.

वाटेकऱ्याचं दुखणं वेगळंच. बी-बियाणं, खत, मजुरी त्याची, सातबारा मालकाचा, अनुदान मालकाच्या खात्यावर. इथे कायदा मदतीला येत नाही, मालकाच्या मनावर आहे. गावाने चावडीवाचनातच मालक आणि वाटेकरी दोघांची नावं शेजारी वाचली, तर बहुतेक मालक वाटा देतात. शेजाऱ्यांसमोर नाही म्हणणं जड जातं.

आणि अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्यात अडलेलं पाणी मागे फुगतं आणि आपण बुडतो, पूर आला की चहाच्या गाड्यावर हाच विषय. धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर आहे आणि कर्नाटकाला ती 524.256 मीटरपर्यंत न्यायची आहे. विरोध करावा, जोरात करावा, पण आकडे घेऊन. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट विसर्ग चोवीस तास चालला की साधारण 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. आपलं वरचं कोयना धरण 105 टीएमसीचं. कोयनेतून किती सोडलं, धरणाखालच्या पाणलोटात किती पाऊस झाला, वारणेचं पाणी हरिपूरला किती येऊन मिळालं, हे एकाच कागदावर तारखेवार मांडलं तर वाद घालता येतो. आणि चिकोडी, रायबाग, अथणीची गावंही त्याच नदीकाठी, धरणाच्या वरच्या अंगाला आहेत. फुगवटा आलाच तर तो आपल्याआधी त्यांच्या शेतात शिरणार. 2019 मध्ये तीही बुडाली. तिकडे आपल्या लेकी दिल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे आहेत. "कन्नडिगांनी बुडवलं" असं स्टेटस ठेवताना एवढं आठवावं.

अलमट्टीवर बोलणं नेत्यांना सोपं जातं, निळ्या रेषेवर बोलणं अवघड. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतल्या. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथे पाणी सगळ्यात आधी येतं. तिथल्या माणसांना अतिक्रमणवाले म्हणून मोकळं होऊ नका. अशा सखल भागात पोटाला चिमटा काढून गुंठा-गुंठा घेणारा माणूस नदीशी वैर म्हणून तिथे गेलेला नसतो. त्याला परवडणारी जागा तेवढीच असते. त्यांना हलवायचं तर पुराच्या आठवड्यात नव्हे, उन्हाळ्यात बसून बोलावं लागेल. बाजार आणि हमालीच्या कामापासून पायी अंतरावरची जागा, पोरांची शाळा, बाईच्या नावावर कागद आणि जुन्या घराचा मोबदला हातात, एवढं ठरल्याशिवाय कुणी उठणार नाही, आणि उठूही नये.