एका बागेची दोन पत्रं

रत्नागिरीजवळच्या एका हापूसवाल्या काकांचं ईमेल न्यूजलेटर मी पुण्यात बसून लिहिते. बाग त्यांची, सही त्यांची, शब्द निम्मे त्यांचे आणि निम्मे माझे. गेल्या हंगामात अक्षय तृतीयेच्या आधी एकाच सकाळी त्या बागेची दोन वेगवेगळी पत्रं गेली. त्याचा हिशोब मला अजून लागलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

हंगामात आठवड्याला एक पत्र जातं. लिहायला फार वेळ लागत नाही, कारण अर्धा मजकूर आदल्या पावसाळ्यातच तयार असतो. पेटी घरी आल्यावर काय करायचं, आढी कशी लावायची (म्हणजे गवतात रचून आंबे कसे पिकवायचे), साका म्हणजे गरातला दोष काय आणि तो फळ कापल्याशिवाय का कळत नाही, सालीवर डाग असला म्हणजे आंबा वाईट का नव्हे. हे तुकडे दरवर्षी लागतात, ते एकदाच नीट लिहून ठेवायचे. ताजं लागतं ते एवढंच : बागेत काय चाललंय, या आठवड्यात काय मिळेल, मागवायचं कसं. त्यासाठी सोमवारी संध्याकाळी काकांना फोन करायचा आणि ते बोलतील ते त्यांना सांगून रेकॉर्ड करायचं. ‘फळ अजून चौदा आण्यांवर आलेलं नाही, घाई करून काय करू?’ (सोळा आणे म्हणजे पुरतं तयार.) हे वाक्य मला पुण्यात पंख्याखाली बसून कधीच सुचलं नसतं. मी ते जसंच्या तसं पत्राच्या डोक्यावर टाकलं होतं.

मला अभिमान आहे तो मजकुराचा नाही, सांगाड्याचा. देवनागरीतलं ईमेल नीट पोचवणं किती किचकट असतं, हे टेम्प्लेट बनवणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. एक साधी गोष्ट घ्या. पत्राचा कोड साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल ते मधेच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी ओळ टाकतं. फोटो यात धरले जात नाहीत, ते बाहेरून येतात. पण वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर जो कचरा येतो तो धरला जातो. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइटची, इंग्रजी अक्षर एका बाइटचं. पत्र कापलं गेलं की सगळ्यात आधी दिसेनासा होतो तो तळाचा ‘अनसबस्क्राइब’चा दुवा. तो सापडला नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबून मोकळा होतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून मी मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकते, तिथून उचलते, आणि तेच आकारमान दर वेळी तपासते.

मग ओळींमधलं अंतर. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये ते इतकं घट्ट असतं की जुन्या आउटलुकमध्ये वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. ‘हर्ष’चा ‘हष’ होतो. शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून कुणी अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. यावर एक नामी तोडगा बाजारात आहे : अख्खं पत्र एका चित्रात बसवायचं. डिझायनर खूश, मालक खूश. ज्याच्याकडे चित्रं बंद आहेत त्याला पांढरा चौकोन. पत्रातला शब्द शोधता येत नाही, उचलता येत नाही, फोनवर वाचायला दोन बोटांनी ताणावा लागतो. शिवाय गावातल्या डीटीपीवाल्याकडून मजकूर अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात येतो, तो माझ्याकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. तो आधी युनिकोडमध्ये आणायचा, मग सगळी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. याचे पैसे वेगळे मागितले की लोक म्हणतात, ‘कॉपी-पेस्ट तर आहे!’

सोसायट्यांमधले आंबामहोत्सव, जुने ग्राहक, परदेशातून पुण्यातल्या आई-बाबांसाठी पेटी मागवणारी मुलं, अशी यादी हळूहळू जमली होती. काकांचा पुतण्या मुंबईत असतो. त्याने एकदा ‘पश्चिम पुण्यातले डॉक्टर’ अशी विकत मिळणारी यादी पाठवली होती. मी ती वापरली नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. हजारामागे ‘स्पॅम’च्या तीन तक्रारींच्या वर गेलात की तुमचं पत्र डॉक्टरांनाच काय, सख्ख्या भावालाही पोचायची खात्री नाही. पुतण्याला हे पटलं नाही. त्याने जाहिरातींसाठी एक एजन्सी नेमली. मुलं हुशार होती. त्यांच्यातल्या कुणी आंब्याची पेटी कधी उघडली असेल असं मात्र वाटलं नाही.

तर त्या दिवशीचं पत्र आदल्या रात्री लावून ठेवलं होतं. सकाळी साडेदहाला निघणार होतं. ‘अक्षय तृतीयेला पेटी घरी’ असा मथळा होता आणि शेवटची तारीख ठळक केली होती. उजाडायच्या आत काकांचा फोन आला.

“अगो, ते आजचं पत्र थांबव. रात्री वारा लागला. पाऊसही झाला.”

“किती गेलं, काका?”

“मोजायला अजून उजाडलं नाही. खाली सडा पडलाय.”

पडलेलं फळ किलोच्या भावाने कॅनिंगला जातं, ते सगळ्यांना माहीत असतं. झाडावर टिकलेल्या फळाचं पुण्या-मुंबईत कुणाला कळत नाही. भिजलेला आंबा काढून लगेच पेटीत भरला की करपा, म्हणजे बुरशीचा रोग, धरतो. निघताना फळ देखणं असतं, पिकताना काळे डाग उमटतात, आणि ग्राहक फोटो पाठवतो. म्हणून काका ऊन पडून फळ सुकेपर्यंत झेला (आंबे काढायची जाळीची काठी) हातात घेत नाहीत. त्यांनी तेव्हाही साफ सांगितलं : सणापर्यंत पेट्या देईन असा शब्द देऊ नको.

मी पत्र थांबवलं आणि नवं लिहिलं. मथळा : ‘रात्री पाऊस झाला, पेट्या उशिरा’. काकांच्या घरच्या वहिनींनी फोनवर काढलेला एकच फोटो, झाडाखालच्या फळांचा. आत सांगितलं की भिजलेलं फळ आम्ही भरत नाही, का भरत नाही, अक्षय तृतीयेपर्यंत पेटी पोचेल असं आज सांगता येत नाही, आणि ज्यांना सणालाच हवी आहे त्यांनी आमची वाट पाहू नये. पैसे परत हवे असतील तर याच पत्राला उत्तर द्या. उत्तर खरंच वहिनींच्या इनबॉक्समध्ये जातं. ‘नो-रिप्लाय’ नावाच्या पत्त्यावरून पत्र पाठवणाऱ्यांना ग्राहकाशी बोलायचंच नसतं, तर त्यांनी लिहावं तरी कशाला?

तेवढ्यात पुतण्याचा फोन. एजन्सीनेही पत्र तयार ठेवलं होतं. ‘मोजक्याच पेट्या शिल्लक! आजच बुक करा’, वर उलट मोजणारं घड्याळ, खाली बोटभर लाल बटण. मी म्हटलं, हे जाऊ देऊ नका. तो म्हणाला, “ताई, यात खोटं काय आहे? पेट्या मोजक्याच आहेत ना?”

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. वरच्या आंगाची कलमं झोडपली होती, पण खालच्या वळणात वारा कमी लागला होता आणि पावसाच्या आदल्या दिवशी काढलेला थोडा माल वखारीत कोरडा होता. किती, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

“टेस्ट करू,” पुतण्या म्हणाला. “अर्ध्यांना तुमचं, अर्ध्यांना त्यांचं. आकडेच सांगतील.” मी वाद घातला. काका बागेत होते, फोनवर वाऱ्याचाच आवाज जास्त होता. “करा काय ते,” एवढंच त्यांचं ऐकू आलं. सॉफ्टवेअरने यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले आणि दोन्ही पत्रं एकाच मिनिटाला गेली.

दुपारपर्यंत डॅशबोर्डवर, म्हणजे सॉफ्टवेअर आकडे दाखवतं त्या पानावर, एजन्सीचं पत्र पुढे होतं. उघडलं जास्त जणांनी, क्लिक तर कितीतरी जास्त. पुतण्याने हसरा चेहरा पाठवला. उघडण्याच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १५ आलं तेव्हापासून ॲपलचं मेल ॲप, तशी परवानगी दिलेली असली की, पत्रातली चित्रं (पत्र उघडलं की नाही ते यांवरूनच मोजतात) स्वतःच आधी उतरवून ठेवतं आणि कुणी न वाचताही पत्र ‘उघडलं’ जातं. मोठ्या कंपन्यांची सुरक्षा-यंत्रणा तर दुवेही दाबून पाहते. पण त्या दिवशीच्या क्लिकमागे खऱ्या ऑर्डरी होत्या, पैशांसकट. ते नाकारण्यात अर्थ नाही.

माझ्या पत्राला क्लिक नव्हते, कारण दाबण्यासारखं काही नव्हतं. त्याला उत्तरं आली. ‘पैसे राहू देत, फळ येईल तेव्हा पाठवा.’ ‘काकांना सांगा काळजी घ्या.’ ‘कॅनिंगवाला काय भाव देतोय?’ आणि वहिनींचा फोन दिवसभर वाजत राहिला. आमचे निम्मे ग्राहक पत्र ईमेलवर वाचतात आणि पेटी फोनवर मागवतात. बटण दाबून पैसे कुठे जातात यावर त्यांचा भरवसा नाही. त्या ऑर्डरी वहिनी टेलिफोनशेजारच्या वहीत लिहितात. ती वही कुठल्याही डॅशबोर्डला जोडलेली नाही. रात्री मी वहीचे फोटो मागवले आणि यादीशी नावं जुळवत बसले. जमलं ते अर्धवट. कुणी बायकोच्या नंबरवरून फोन केलेला, कुणी मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पत्राचा फोटो पाहून. वही म्हणत होती की माझं पत्र चाललं, डॅशबोर्ड म्हणत होता एजन्सीचं.

इथवर ही धंद्यातली नेहमीची भांडणं. पुढच्या गोष्टीने मला अडवलं.

दोन दिवस ऊन पडलं. वखारीतला कोरडा माल आणि खालच्या वळणातलं फळ मिळून काही पेट्या सणाआधी निघाल्या. त्या कुणाला गेल्या? ज्यांनी मागितल्या त्यांना. सणासाठीच मागितल्या कुणी? ज्यांना लाल बटणाचं पत्र गेलं त्यांनी. माझ्या पत्रातल्या लोकांना तर मीच सांगितलं होतं, आमची वाट पाहू नका.

सणाच्या दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या एका आजींचं उत्तर आलं. निवृत्त शिक्षिका, दर पत्राला शुद्धलेखनाची एखादी चूक काढून पाठवतात. या वेळी चूक काढली नव्हती. लिहिलं होतं, “तुमचं पत्र वाचलं, पटलं, म्हणून सणाला बाजारातून आंबा आणला. तो हापूस नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर मात्र तुमच्याच बागेची पेटी आली होती. ते यंदाच पहिल्यांदा घेताहेत. त्यांना काही वेगळं कळवलं होतं का?”

होय. वेगळं कळवलं होतं.

मी त्यांना फोन केला. चाचणी कशी असते ते सांगायचा प्रयत्न केला. “म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवलंत, कुणाला काय सांगायचं ते?” त्या रागावल्या नव्हत्या. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाला पुन्हा विचारावं तसं विचारत होत्या. मी म्हटलं, काकांनी नंतरच्या आठवड्यातली उत्तम पेटी तुमच्यासाठी ठेवली आहे. “ती मी घेईनच,” त्या म्हणाल्या. “पण नैवेद्य होऊन गेला ना.”

पुतण्याच्या मते यात प्रश्नच नाही : माल होता, मागणी आली, विकला. त्याचं गणित चुकलेलं नाही. माझ्या पत्रातही एक अक्षर चूक नव्हतं. काका म्हणाले तेच त्यात होतं. बटण लाल की हिरवं, मथळा लांब की आखूड, पत्र मंगळवारी की रविवारी, या चाचण्या मी दर हंगामात करते आणि करत राहीन, त्यात वाचणाऱ्याचं काही जात नाही. इथे एकाच घडलेल्या गोष्टीची एक बाजू निम्म्यांना आणि दुसरी बाजू निम्म्यांना गेली, आणि ज्यांना सावध बाजू मिळाली ते रिकाम्या हाताने राहिले. माझ्या पत्रात ‘थोडा कोरडा माल आहे, किती ते उद्या कळवतो’ ही ओळ असती तर? ती ओळ मी कच्च्या मसुद्यात लिहिली होती. काकांनी शब्द देऊ नको म्हटल्यावर काढली. अजून वाटतं, काढली ते बरोबरच होतं. आणि अजून आजींचा फोन आठवतो.

काकांना मी हे सगळं हंगाम संपल्यावर, पहिला मृगाचा पाऊस झाल्यावर सांगितलं. त्यांनी आकडे ऐकून घेतले, फार लक्ष दिलं असं नाही. मग म्हणाले, “पुढल्या वर्षी तुटवडा पडला तर जुन्यांना आधी कळव. एक दिवस आधी. नवीन माणूस चिडला तर चिडू दे.”

सांगायला सोपं. यादीत ‘किती वर्षांपासून’ असा रकानाच नाही. ईमेल गोळा करायला लागलो ते अलीकडे, आणि जुनं काय ते वह्यांमध्ये. वहिनी सध्या संध्याकाळी जुन्या वह्या काढून नावं टाइप करून पाठवताहेत. काही वह्यांना वाळवी लागलीय. कालच्या यादीत ‘जोशी, कोथरूड’ चार वेळा आलेत, एकापुढे ‘दुसरे’ असं लिहिलेलं, एकापुढे ‘पायरी नको’. आजी यातल्या कोणत्या, म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, आवाज ऐकला की लगेच सांगते.