तुम्ही विचारलंत म्हणून: कंप्रेशन चांगलं होतं, मग हेडं का उतरवली?

ती व्ही-सिक्स (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांचं इंजिन, प्रत्येक रांगेवर झाकणासारखं एक हेड) गॅरेजमध्ये उघडी होती तेव्हापासून येणारा-जाणारा हेच विचारतोय, आणि आता गाडी घरी गेली तरी फोनवर तेच, की ओ, सहाही सिलिंडरचं कंप्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) चांगलं आलं म्हणता मग दोन्ही हेडं कशाला उतरवलीत, एवढा खर्च कशाला. प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी स्पोर्ट्स कूपे, बाहेरून आलेली, मालक मुंबई सोडून गणपतीपुळ्याच्या बाजूला राहायला आलेत. तक्रार एवढीच की सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन अर्धा मिनिट मिस मारायचं, थरथरायचं, मागून पांढरा धूर, आणि मग एकदम लोण्यासारखं चालायचं, दिवसभर काही नाही. कूलंट हळूहळू कमी व्हायचं पण खाली एक थेंब सापडत नव्हता. आता आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी प्रत्येकच गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ येते त्यामुळे पांढऱ्या धुराकडे कोणी बघत नाही, आणि इथेच अशी गाडी वर्षभर अशीच चालवली जाते. स्कॅनरवर कोड यायचा पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडर मिस. कॉइल बदलून झाली होती, प्लग नवे, इंजेक्टर साफ, कोड तीनवरच.

कंप्रेशन घेतलं तर सगळीकडे १७० पीएसआयच्या आसपास. आणि लोक इथेच थांबतात. पण कंप्रेशन टेस्टमध्ये इंजिन फक्त स्टार्टरवर चार-पाच सेकंद फिरतं हो, खरा स्फोट होतो तेव्हाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे केसाएवढी वाट असेल तर ती या टेस्टमध्ये दिसतच नाही. शिवाय इंजिन गरम असताना ॲल्युमिनियमचं हेड फुगून गॅस्केटवर (हेड आणि खालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, यांच्यामधलं सीलचं पातळ पान) अजून घट्ट बसतं. गडबड होते ती गाडी बंद केल्यावर. सिलिंडरमध्ये दाब राहत नाही, कूलंटमध्ये मात्र अजून असतो, मग ते रात्रभर थेंब थेंब पिस्टनवर उतरतं आणि सकाळी प्लग भिजतो.

म्हणून मी काय केलं, कूलिंग सिस्टिमला हातपंपाने एक बारचा दाब देऊन रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा खाली आलेला. प्लग काढून कॅमेरा आत सोडला तर बाकी पिस्टनवर काळा कार्बन, आणि तीन नंबरचा माथा ओला आणि चांदीसारखा स्वच्छ. वाफेने धुतलेला पिस्टन असाच दिसतो. तरी खात्री म्हणून रेडिएटरच्या तोंडावर केमिकल टेस्ट केली, निळं पाणी पिवळं पडलं, म्हणजे जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय. एवढं झाल्यावर मग पाना हातात घेतला, त्याआधी नाही.

हेड काढताना इंजिन पूर्ण थंड पाहिजे, आणि बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत, आवळण्याच्या उलट क्रमाने. एकदम एका बाजूचे सोडले तर सरळ हेड पण वाकतं.

आणि हेड खाली आलं की आमच्याकडचा पोरगा लगेच डिझेलचं फडकं घेऊन पुढे येतो, त्याला मी हात धरून थांबवतो. साफ नंतर करायचं, आधी वाचायचं. कारण सगळी माहिती त्या घाणीतच असते, कुठला पिस्टन कोरडा काळा, कुठल्याच्या कडेला तेल आलंय, कुठे कडेला बारीक टोचे पडलेत, म्हणजे इंजिन नॉक करत होतं (आत पेट्रोल अवेळी भडकत होतं). इथे काय दिसलं, तर तीन नंबरच्या बोअरपासून (सिलिंडरच्या गोल पोकळीपासून) शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर नखाएवढी तपकिरी रेघ, आणि हेडच्या पृष्ठभागावर बरोबर तिथेच ॲल्युमिनियम खाल्लेलं, पांढरी भुकटी, नख लावलं तर सुटत होती. सरळपट्टी आडवी ठेवून फट मोजायचा फिलर गेज घातला तर ०.०५ मिमीचं पातं जायला नको तिथे ०.१० चं गेलं. बोअरवरच्या तिरक्या रेघा मात्र शाबूत होत्या, गंज नव्हता, ते बघून मला खरंच बरं वाटलं, अजून एखादा पावसाळा गेला असता तर रिंगा पण गेल्या असत्या.

कारण पाणी. कूलंट कमी झालं की घरच्या विहिरीची बाटली. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं, त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं, आणि कूलंटमधलं गंजरोधक औषध पातळ होत जातं ते वेगळंच. प्यायला चालणारं पाणी या इंजिनाला चालतंच असं नाही. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं, दुसरं काही नाही.

आता दुसरं हेड का. टायमिंग चेन आणि पुढचं कव्हर तर उतरलेलंच होतं, मोठी मजुरी तीच. आणि तेच पाणी त्या बाजूनेही फिरलेलं. उतरवल्यावर दोन भोकांच्या कडेला खड्डे सुरू झालेले दिसलेच. दोन्ही हेडं आंबा घाटातून कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवली, तिथे चिरेसाठी प्रेशर टेस्ट करून मशीनवर फेसिंग झालं, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतला. पॉलिश पेपरने हाताने घासून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना देऊ नका, या इंजिनात स्टीलच्या पत्र्यांचं गॅस्केट असतं आणि त्याला अगदी सपाट, गुळगुळीत फेस लागतो. बोल्ट नवे, कारण हे ताणले जाणारे बोल्ट असतात, ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळून झाल्यावर अजून अंशात मोजून फिरवायचे, परत वापरायचे नाहीत. आणि ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी केल्याशिवाय बोल्ट घालायचा नाही, तळाशी तेल-पाणी राहिलं तर आवळताना ब्लॉक चिरतो.

प्रत्येक गाडीचं हेड काढा असं मी म्हणत नाही. नुसती घाट चढताना तापते अशा गाड्या येतात, त्यात आधी फॅन, थर्मोस्टॅट, रेडिएटरमधली लाल माती बघायची. आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तशा पुरात भिजलेलं इंजिन कोणी चालू करायचा प्रयत्न केला असेल तर तिथे उलट हेड काढून प्रत्येक पिस्टन वर आणून त्याची उंची मोजावी लागते, एखादा खाली राहिला की कनेक्टिंग रॉड वाकलाय.

तुमची गाडी सकाळीच मिस मारत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर आदल्या संध्याकाळीच आणून लावा, सकाळी चालू करून आणू नका, कारण प्लग काढून आत बघायचं ते पहिल्या स्टार्टच्या आधी.