बार्बेरा लॉग, हिवाळा: बान्या काउदासोबत कुठली बाटली उघडायची

मागच्या नोंदीत नेबिओलो द्राक्षाची वाईन झाली, या हिवाळ्यात सगळा मुक्काम बार्बेरा द'आस्तीवर, म्हणजे आस्ती भागातल्या बार्बेरा द्राक्षाच्या रेड वाईनवर. ट्युरिनमध्ये राहायचा फायदा असा की आस्ती, नित्सा मोनफेर्रातो ही गावं ट्रेनने जवळ आहेत आणि तिथल्या दुकानांत एकाच द्राक्षाच्या साध्या आणि महागड्या बाटल्या शेजारीशेजारी मिळतात, मग तुलना करायला मजा येते.

ज्यांनी अजून चाखली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रंग गडद, जांभळट लाल, वास आंबट चेरी आणि आलुबुखारचा, पूर्ण ड्राय, म्हणजे गोडवा नाही. नेबिओलोचा घोट घेतला की कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळतं, इथे ते नाही कारण टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरटपणा, फारच कमी. ॲसिड मात्र भरपूर, आणि द्राक्ष पूर्ण पिकलं तरी ते फारसं उतरत नाही, म्हणून १४ टक्के अल्कोहोल असूनही जड वाटत नाही, उलट तोंडाला पाणी सुटतं.

आता मुद्द्याचं. ही बरीच वर्षं पिएमोंतेतली (ट्युरिन, आस्ती ज्यात येतात तो इटलीचा प्रांत) रोजच्या जेवणाची वाईन होती. मग रोक्केत्ता तानारोच्या जाकोमो बोलोन्याने १९८२ च्या द्राक्षांची बार्बेरा फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपात ठेवली, ती 'ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने', आणि लोक या द्राक्षाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पिंपामुळे व्हॅनिला येतो, द्राक्षात कमी असलेलं टॅनिनही थोडं येतं. आज बाटलीवर 'सुपेरिओरे' (वरच्या दर्जाची) लिहायला १४ महिने मुरवणं लागतं, त्यातले ६ लाकडात. नित्साच्या वाईनला २०१४ मध्ये स्वतंत्र डीओसीजी (इटलीतला वाईनचा सगळ्यात वरचा अधिकृत दर्जा) मिळाली, तिथे फक्त बार्बेरा आणि १८ महिने.

मग जेवणासोबत जास्त मुरलेलीच चांगली का? मला तरी तसं वाटत नाही. बान्या काउदा म्हणजे लसूण आणि खारवलेले अँकोव्ही मासे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर विरघळेपर्यंत शिजवायचे, मातीच्या भांड्याखाली मेणबत्ती लावून ते गरम ठेवायचं आणि त्यात भोपळी मिरची, कोबीची पानं, कार्दो नावाच्या भाजीचे देठ बुडवून खायचे. नित्साकडचा कार्दो मातीखाली वाकवून वाढवतात म्हणून पांढरा आणि कोवळा असतो, कच्चाच खाता येतो. दोन-तीन घासांत जिभेवर तेलाचा आणि लसणाचा थर बसतो, त्यावर स्टीलच्या टाकीतल्या साध्या बार्बेराचा घोट घेतला की ॲसिडने तो थर कापला जातो, जीभ लख्ख, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. तीच बान्या काउदा ओकवाल्या सुपेरिओरेसोबत घेतली तर मासा जास्त खारट लागतो, लाकूड कडवट लागतं आणि चेरी कुठल्या कुठे जाते. फरक एवढा स्पष्ट की शेजारी दोन ग्लास ठेवून बघाच.

सुपेरिओरे आणि नित्सा मी आता मांसासाठी ठेवतो. आन्योलोत्ती देल प्लिन, म्हणजे भाजलेल्या मांसाचं सारण भरून चिमटीने बंद केलेला छोटा पास्ता, त्यावर मांसाचाच रस, तिथे तिचं वजन बरोबर बसतं. टोमॅटोच्या सॉसला पुन्हा साधीच, टोमॅटोच्या आंबटपणापुढे ती फिकी पडत नाही. रोबिओला दी रोक्कावेरानो हे शेळीच्या दुधाचं चीज ताजं असेल तर साधी, मुरलेलं असेल तर दोन्ही चालतात.

घरचा तांबडा रस्सा पण करून बघितला. टॅनिन कमी असल्यामुळे मसाल्याशी भांडण होत नाही, पण १४.५ टक्केवाली घेतली तर अल्कोहोलमुळे तिखट भडकतं, म्हणून १३ च्या आसपासची बघा.

आणि टेंपरेचर, हे फार महत्त्वाचं, साधी बार्बेरा १५-१६ डिग्रीला द्या. पुण्या-मुंबईत तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच काढा, नाहीतर अल्कोहोलच नाकात जातं.

पुढच्या नोंदीत एकाच वर्षाची आस्तीची आणि आल्बा भागातली बार्बेरा शेजारी उघडणार आहे, आल्बाची आधी कुणी आन्योलोत्तीसोबत घेतली असेल तर कुठली ते सांगा.