निफाडची थंडी आणि बी-२०: जुन्या पिकअपची पुढची नोंद

वापरलेल्या तळणीच्या तेलापासून केलेलं बायोडिझेल मी पावसाळ्यापासून माझ्या गाडीच्या डिझेलमध्ये मिसळतोय; बी-२० म्हणजे त्यात २० टक्के बायोडिझेल. ते मिश्रण आता थंडीतून बाहेर पडतंय, म्हणून ही नोंद. गाडी तीच: कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल फवारणी) नसलेली जुनी बोलेरो पिकअप, २५२३ सीसी, मेकॅनिकल पंप. कामही तेच: कांदा, द्राक्षं, परतीला खतं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा, आणि नेमकं त्यातच सांगण्यासारखं सगळ्यात कमी. बायोडिझेलमध्ये लिटरमागे डिझेलपेक्षा साधारण ८ टक्के ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की फरक दीड-दोन टक्क्यांवर येतो. टाकी फुल करून काढलेल्या ॲव्हरेजमध्ये तो दिसतही नाही. चार गोण्या जास्त टाकल्या तर त्याहून जास्त फरक पडतो. इंजिनाचा आवाज जरा मऊ झालाय. मालेगावकडून भरल्या गाडीनं राहुड घाट चढताना काळा धूरही कमी दिसतो. मागच्या गाडीवाल्याला भज्यांचा वास येत असेल, ते वेगळं.

खरा खेळ फिल्टरचा. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. पहिला फिल्टर काढून करवतीनं कापून बघितला. कागदाच्या घड्यांमध्ये गडद तपकिरी चिखल, बोटाला डिंकासारखा लागणारा. दुसऱ्या फिल्टरमध्ये तो बराच कमी होता, तिसरा जवळजवळ स्वच्छ. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी सीटखाली एक जादा फिल्टर आणि पाना ठेवाच. चढावर गाडी अचानक ओढेनाशी झाली, की नोझल-पंपाला हात लावण्याआधी फिल्टर बदला, हातपंपानं डिझेल चढवा, एअर काढा. मेस्त्री लोक बायोडिझेलचं नाव ऐकलं की थेट पंप खोलायला निघतात, त्यांना थोपवायचं.

रिटर्न लाईनचे (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारे) रबरी पाईप सगळे बदलले. जुने फुगून लिबलिबीत झाले होते, क्लिपखाली ओल दिसत होती. आता व्हायटनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) टाकलेत; महाग आहेत, पण तिथे काटकसर नको. टाकीच्या तोंडाशी सांडलेलं लगेच पुसायचं, रंग खातं ते.

माल कुठून घेता, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. फरसाणवाल्यांचं वापरलेलं तेल घेऊन प्रक्रिया करणाऱ्या एका छोट्या कारखान्याकडून, आणि प्रत्येक खेपेला आयएस १५६०७ चा (बायोडिझेलच्या भारतीय मानकाचा) चाचणी अहवाल मागून. मधल्या काळात बायोडिझेलच्या नावाखाली कसलंही सॉल्व्हंट विकणारे पंप आपल्याकडे निघाले होते, म्हणून घरी दोन तपासण्या करतोच. पेट्रोल पंपावर असतं तसलं हायड्रोमीटर: १५ अंशांना बायोडिझेलची घनता ०.८६ ते ०.९० मध्ये यायला हवी. आकडा ०.८३ ला थांबला तर तुम्ही डिझेल नाहीतर भलतंच काही विकत घेतलंय. दुसरी, २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली नमुना टाकून हलवायचा. सगळं विरघळलं तर ठीक. तळाला तेल बसलं तर प्रक्रिया अर्धवट झालीय, कॅन परत. मिथेनॉल विष आहे, वाऱ्यावर आणि हातमोजे घालूनच. मिसळताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. ते जड असल्यानं खाली जाता जाता मिसळतं.

आता थंडी. आपल्याकडचं तळणीचं तेल बहुतेक पामचं, आणि पामतेलाचं बायोडिझेल १० ते १५ अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं. त्यात साध्या डिझेलचंही फार कौतुक नको: आयएस १४६० या डिझेलच्या मानकानुसार हिवाळ्यात फिल्टर चोंदण्याचं तापमान ६ अंशांपर्यंत चालतं, उन्हाळ्यात तर १८ पर्यंत. निफाडला पारा ५ च्या खाली गेला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तिथे गाडीचं काय होणार? म्हणून बागेतल्या थर्मामीटरशेजारी रात्रभर बाटल्या ठेवल्या. सकाळी शुद्ध बायोडिझेल पांढरं घट्ट, बाटली उलटी केली तरी हलेना. बी-२० च्या तळाशी धुरकट थर, हलवला तरी विरेना. बी-५ आणि साधं डिझेल स्वच्छ. त्याच दिवसापासून बी-५ वर आलो, आणि पहाटेच्या मालासाठी गाडी एकदाही अडली नाही.

मोगली एरंडाचं (जट्रोफा, ज्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करायचं ठरलं होतं) काय, असं आमच्या काकांनी विचारलं. केंद्राच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य होतं, २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. एरंडाचं काय झालं ते त्यातच आलं. करंजाचं मात्र मला करून बघायचंय. थंडीत ते पामपेक्षा बरं वागतं.

बीएस-६ वाल्यांनी माझं बघून २० टक्क्यांवर उडी मारू नका. तिथे डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला सिलिंडरमध्ये उशिरा डिझेल फवारलं जातं. बायोडिझेल सहज उडत नाही, भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये जातं. कंपनीच्या पुस्तकात ७ टक्के लिहिलं असेल तर ७ च. माझ्या जुन्या गाडीतही डिपस्टिक नेहमीपेक्षा जास्त वेळा बघतो आणि ऑइल लवकर बदलतो.

सध्या टाकीत बी-१० आहे, होळीनंतर परत बी-२०. त्याआधी रिटर्न लाईनमधला एक पितळी जॉइंट काढून स्टीलचा बसवायचाय, कारण तांबं-पितळेच्या संगतीत बायोडिझेल लवकर खराब होतं. जुन्या बोलेरोला बसेल असा जॉइंट कुणाला मिळाला असेल तर माप कळवा.