डिस्कस काळवंडला तर बाटली उघडण्याआधी

घरी डिस्कस जातीचे मासे पाळलेत हे कळल्यापासून ओळखीपाळखीतले लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: मासा काळा पडलाय, कुठलं औषध टाकू? मध्यंतरी निपाणीहून भाच्याचा आला. "आत्या, अंगभर मिरी सांडल्यागत डाग आलेत बघ. निळं औषध टाकू काय?" म्हटलं, "काही टाकू नकोस. आधी टाकीचा फोटो पाठव, माशाचा नको."

कारण डिस्कसचं काळं पडणं एकच नसतं, आणि त्यातलं बरंचसं आजारपण नसतंच. हे एवढं लोकांना कळलं तर कितीतरी मासे वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

पहिले ते पट्टे. रानटी डिस्कसच्या अंगावर नऊ उभे पट्टे असतात. पहिला डोळ्यातून जातो, शेवटचा शेपटीच्या मुळाशी. पाळीव जातींपैकी टर्कॉइजसारख्या जातींतही ते दबून असतात आणि मासा घाबरला की वर येतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात बुडालेल्या फांद्यांमध्ये राहणारा हा मासा, सावल्यांत लपायला पट्टे त्याच्या कामाचेच. आम्ही बेळगावात, वडगावला राहतो, गल्लीत अजून माग चालतात, शेजारचा पॉवरलूम तर आमच्या भिंतीला लागूनच. टाकी आधी त्याच भिंतीकडेला होती. सकाळी माग सुरू झाला की पाण्यावर बारीक लहरी उठायच्या आणि माझी मोठी टर्कॉइज मादी जागच्या जागी थबकायची. पंख आवळलेले, डोळ्यावरची रेघ आधी गडद, मग मागच्या एकेक. बघता बघता सगळे पट्टे हजर. माग बंद झाला की तितक्याच लवकर पुसट. टाकी दुसऱ्या भिंतीला घेतली, खाली जाड थर्माकोल घातला, तेव्हापासून सकाळचे पट्टे गेले.

हे इतकं झटपट कसं होतं? माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या फाटे फुटलेल्या पेशी असतात. रंगाचे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की मासा उजळ दिसतो, फाट्यांत पसरले की काळा. मज्जातंतूंचा इशारा असेल तर काम क्षणात होतं, संप्रेरकांचा असेल तर सावकाश. आणि ताण महिनोन्‌महिने राहिला, किंवा टाकीच गडद असली, तर काळ्या पेशींची संख्याच वाढते. मग उतरायलाही तितकाच वेळ लागतो.

खरी काळजी करायची ती अख्खा मासा काळवंडतो तेव्हा. स्पंज फिल्टरच्या मागे कोपऱ्यात तोंड करून उभा, खायला येत नाही. एकच मासा असा असेल तर बाकीचे त्याला मारतात का ते बघा. दोन-तीनच डिस्कस ठेवले की सगळ्यात दुबळा मार खातो. पाच-सहा असले की मार वाटला जातो. सगळेच काळे पडले तर पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं, शून्यच हवीत. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. नळाचं गार पाणी थेट ओतलं की मासा काळवंडणारच. शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते क्लोरीन घातलेलं. क्लोरीन कल्ल्यांना भाजतं आणि फिल्टरमधले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणूही मारतं, म्हणजे मागोमाग अमोनियाही वाढतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, बघावा. तो सातच्या वर गेला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. मी पिंपात पाणी साठवून, हवा सोडून, हीटरने कोमट करून मगच घालते. पावसात करंट जातो तेव्हा हवेसाठी बॅटरीवरचा पंप हाताशी असलेला बरा.

हे सगळं ठीक असूनही काळेपणा हटत नसेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडत असेल, मासा एकाच कल्ल्याने श्वास घेत असेल, किंवा अंगावर चिकट पांढरट थर सुटत असेल, तर तो आजार. तेव्हा औषध हवंच, पण नेमकं काय झालंय ते जाणकाराला दाखवून.

भाच्याचा मासा यातल्या कशातच बसत नव्हता. तो पिजन ब्लड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडहून पसरलेली ही जात. हिला पट्टे येतच नाहीत, काळा रंग बारीक ठिपक्यांनी विखुरतो. फोटोत दिसलं ते असं: तळाला काळी खडी, मागे काळा कागद. मासा पार्श्वभूमीशी जुळवून घेत होता, दुसरं काही नाही. खडी काढायला लावली, तळ मोकळा, मागे फिकट निळा कागद. ठिपके हळूहळू कमी झाले. कल्ल्यांच्या झाकणावर थोडे राहिलेत, ते राहतील. त्या जातीचं अंगच तसं. मासा मात्र पहिल्यापासून भरपूर खात होता आणि हाताशी येत होता, ते मला डागांपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

एक काळेपणा तर चांगला. जोडी अंडी घालते तेव्हा नर-मादी गडद होतात. पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, आणि गडद अंग त्यांना सापडायला सोपं जातं. पिजन ब्लड गडद होत नाहीत, म्हणून त्यांची पिल्लं कित्येकदा फिल्टरलाच आईबाप समजून चिकटतात. तुमच्याकडे अशी जोडी असेल तर टाकीत आईबापांपेक्षा गडद वस्तू ठेवू नका. काळा स्पंज असेल तर त्या दिवसांत फिकट रंगाचा घाला.