पानातील हरितलवके सरकतात हे वर्गात दाखवताना

पाठ्यपुस्तकातील पेशीच्या आकृतीत हरितलवके, म्हणजे प्रकाश टिपून अन्न बनवणारे पेशीतले हिरवे कण, जिथे काढलेली असतात, तिथेच ती कायम असतात, असा समज माझ्या विद्यार्थ्यांचा होता. प्रत्यक्षात बहुतेक हिरव्या वनस्पतींत ती प्रकाशाच्या तीव्रतेनुसार पेशीतली आपली जागा बदलतात. प्रकाश मंद असेल तर ती प्रकाशाकडे तोंड असलेल्या पेशीभित्तीलगत पसरतात आणि मिळेल तितका प्रकाश टिपतात. प्रकाश प्रखर झाला की ती बाजूच्या उभ्या भित्तींकडे सरकून एकमेकांच्या आड येतात. मे महिन्यात आमच्याकडे विजेच्या खांबाच्या सावलीत माणसे जशी एकामागे एक उभी राहतात, तशीच ही रचना असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक, काळा कागद आणि भरपूर ऊन एवढेच साहित्य होते. तेवढ्यावर ही हालचाल मुलांना दाखवायची, असे मी ठरवले.

पहिला प्रश्न पानाचा होता. शाळेभोवती कपाशी आणि तूर भरपूर असली, तरी शेतातले पान मी मुद्दाम टाळले. कडक उन्हात वाढलेल्या पानांच्या वरच्या थरातील पेशी अरुंद, लांबट आणि हरितलवकांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यामुळे हरितलवकांना सरकायला जागाच उरत नाही, हे मला वाचनातून ठाऊक होते. सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींत ही हालचाल अधिक ठळक असते. म्हणून व्हरांड्यातील कुंडीत वाढलेल्या, हिरव्या पानांच्या ट्रेडेस्कॅन्शिया या शोभेच्या झाडाची निवड केली.

काळ्या जाड कागदात एक बारीक फट कापली, तो कागद पानावर चिमट्याने पक्का बसवला आणि पान ओल्या टिपकागदावर ताटलीत ठेवून ती ताटली अंगणात मांडली. हे सगळे थंडीच्या दिवसांत, सकाळचे ऊन चढू लागल्यावर केले. उन्हाळ्यात पान प्रकाशाआधी उष्णतेनेच कोमेजले असते. तासाभराने कागद काढून पान आकाशाकडे धरले, तेव्हा फटीखालचा पट्टा आजूबाजूच्या भागापेक्षा स्पष्ट फिकट दिसत होता. हरितलवके कडेला गेल्यामुळे पेशींच्या मधल्या भागातून प्रकाश आरपार येऊ लागला होता. एका विद्यार्थिनीने लगेच शंका काढली, “मॅडम, पान तं उन्हानं जळलं असन.”

ही शंका मला फार मोलाची वाटली, कारण नुसता फिकट पट्टा पाहून हरितलवके सरकली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. हरितद्रव्य नष्ट झाले असते, तरीही पट्टा फिकटच दिसला असता. म्हणून तेच पान ओल्या टिपकागदावर ठेवून वर्गाच्या आतल्या मंद उजेडात ठेवले. दुपारच्या सुट्टीनंतर पाहिले, तर पट्टा पुसट होत होत आजूबाजूच्या हिरव्यात मिसळून गेला होता. जळालेला भाग असा पुन्हा हिरवा होत नाही. जळण्याचा मुद्दा तिने काढलाच होता, म्हणून त्याचा या हालचालीशी असलेला खरा संबंधही मी तिथेच सांगितला. जपानमधील मासामित्सु वादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, प्रखर प्रकाशापासून हरितलवके दूर नेण्याची क्षमता नसलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या (संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या वनस्पतीच्या) उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, रोपांना तीव्र प्रकाशात अधिक इजा झाल्याचे दाखवले होते. म्हणजे हरितलवके कडेला सरकतात, ती पान जळू नये म्हणूनच.

तरीही उष्णतेची शंका पूर्णपणे मिटलेली नव्हती. पट्टा प्रकाशामुळे पडला की तापण्यामुळे, हे ठरवण्यासाठी गणपतीच्या सजावटीतून उरलेला जिलेटीन कागद उपयोगी पडला. आता काळ्या कागदात दोन फटी कापल्या, एका फटीवर निळा जिलेटीन आणि दुसरीवर लाल जिलेटीन दुहेरी करून लावला. ऊन तेच, पान तेच, तरी निळ्याखाली फिकट पट्टा उमटला आणि लालखालचा भाग हिरवाच राहिला. उष्णता कारण असती, तर दोन्ही पट्टे पडले असते. सपुष्प वनस्पतींत या हालचालीसाठी निळा प्रकाश ओळखण्याचे काम फोटोट्रॉपिन नावाची प्रथिने करतात: मंद प्रकाशात हरितलवके प्रकाशाकडच्या भित्तीलगत गोळा करण्याचे काम फोटोट्रॉपिन १ आणि २ दोन्ही करतात, तर प्रखर प्रकाशात त्यांना दूर नेण्याचे काम मुख्यतः फोटोट्रॉपिन २ कडे असते. प्रत्यक्ष सरकणे हरितलवकांच्या कडेशी जुळणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या सूक्ष्म प्रथिन-तंतूंच्या आधारे होते.

एवढे झाल्यावर हरितलवके प्रत्यक्ष पाहण्याचा मुलांचा आग्रह साहजिक होता. ट्रेडेस्कॅन्शियाच्या पानाचा पुरेसा पातळ छेद हाताने घेणे अवघड असते, म्हणून विहिरीच्या ओलसर कठड्यावरचे मॉस (ओलसर जागी वाढणारी, फुले न येणारी बुटकी हिरवी वनस्पती) आणले. त्याचे पान मध्यशीर सोडली तर एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि छेद न घेताही सरळ पाहता येते. एक पान सावलीत, दुसरे पाण्याच्या थेंबासह काचपट्टीवर उन्हात ठेवले आणि पाणी सुकू नये म्हणून मधूनमधून थेंब टाकत राहिलो. नंतर दोन्ही पाने खिडकीच्या सौम्य उजेडात, घाई करून पाहिली, कारण पाहताना पडणारा उजेडही हरितलवकांना हलवू शकतो. सूक्ष्मदर्शकाच्या आरशातून थेट सूर्य कधीही घेऊ नये. त्यात डोळ्याला गंभीर धोका आहे. सावलीतल्या पेशींत हिरव्या चकत्या मधोमध पसरलेल्या होत्या, आणि उन्हातल्या पेशींत त्या भित्तींलगत ओळीने लागून मधला भाग मोकळा पडला होता. मुले भिंगाजवळून हटायला तयार नव्हती.

हाच प्रयोग कोणी करणार असेल, तर रंगाची चाचणी मॉसवर करू नये, असे मी सुचवेन. काही मॉसमध्ये लाल प्रकाशानेही हरितलवके हलतात, त्यामुळे त्या चाचणीचा निष्कर्ष सपुष्प वनस्पतींना लावता येणार नाही. मॉस गोळा करण्यास आमच्या भागात पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ सोयीचा आहे. उन्हाळ्यात कठडे कोरडे पडतात आणि ते तपकिरी होऊन सुकते.